कोंबडी वाजेपर्यंत

९ जानेवारी, गुरुवार

पांढऱ्या टॉवेलवर रक्त! गिऱ्हाईक किंचाळलं — "माझा कान कापला!" कान शाबूत होता. रक्त माझं. शाम्पू चोळता चोळता उजव्या अंगठ्याची भेग उकलली होती.

मालकीणबाई धावत आल्या. गिऱ्हाइकाला सरबत, मला डोळे. मग आत बोलावून म्हणाल्या, "अगं, हे हात आहेत की निवडुंग? लोक बघतात गं. महिनाभर तू फक्त फोन घे."

बावीस वर्षं कात्री धरली. आता फोन धरा! फोन धरतानाही बोटं चुरचुरतात, हे त्यांना सांगितलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

त्वचेच्या डॉक्टरांकडे चौथी खेप. भला माणूस आहे, पण घाईत. इसब आहे म्हणे, ते मलाही पाठ झालंय. मलम लावलं की जातं, बंद केलं की सामानसुमान घेऊन परत येतं. आज पहिल्या खेपेचाच सल्ला, वाढवून — "घरी रबरी हातमोजे घालताच, ते सोडू नका. आता कामावरही घाला. आणि जमलं तर काम बदला."

काम बदला! जसं काही उशीचा अभ्रा बदला.

संध्याकाळी आमची स्वारी टॅक्सी लावून घरी आली. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी भांडी घासतो." घासली. तीन कप फोडले.

१९ जानेवारी, रविवार

बरणीचं झाकण निघेना. कन्येने उघडून दिलं आणि वर म्हणाली, "आई, आता तू बाळ आणि मी आई." हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

२७ जानेवारी, सोमवार

पार्लर बंद. स्वारीच्या टॅक्सीत परवा एक आजोबा बसले होते. त्यांची पायाची खाज कोणी एका बाईंनी घालवली म्हणे — सायकलच्या दुकानाच्या वर राहतात, झाडपाल्याचं बघतात. स्वारीने पत्ताच लिहून आणला. मी म्हटलं, "आता हेच राहिलं होतं!" पण गेले. बुडत्याला काडीचा आधार.

वाटलं होतं, अंधारी खोली असेल, धूर असेल, डोळे मिटून पुटपुटणारं कोणी असेल. तर काय — शाळेच्या प्रयोगशाळेसारखी लख्ख खोली! ओळीने बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. छोटा तराजू. वाळलेल्या पुदिन्याचा वास. बाई अडुसष्ट वर्षांच्या, कमरेपर्यंत पांढरीशुभ्र वेणी. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. खडूच्या धुळीने आणि प्रयोगशाळेतल्या वासांनी दमा धरला. एक दिवस फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिताच कोसळल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या झाडपाल्याची पुस्तकं वाचायला लागल्या, मग रीतसर शिकल्या. आता त्यांना जिना चढताना धाप लागत नाही. पण खिशात इनहेलर आहेच. मला काढून दाखवला. म्हणाल्या, "झाडांना याचा राग येत नाही."

मला स्टुलावर बसवलं. स्वतः वेताच्या खुर्चीत. टेबलावर स्वयंपाकघरातलं ते गजर लावायचं घड्याळ — पिवळ्या कोंबडीच्या आकाराचं! तिची मान वीसवर फिरवली. "वीस मिनिटं तू बोलायचंस. कोंबडी वाजेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

मी आणि बोलायचं? मला हे सांगावं लागत नाही! सहा मिनिटांत हातांची सगळी कहाणी संपवली. मग शांतता. कोंबडी टिकटिकतेय, बाई नुसत्या बघतायत. मला शांतता सोसत नाही. काहीबाही बोलत राहिले आणि भलतंच बाहेर पडलं — "हात गेले तर मी कोण?" त्यानंतर कोंबडी वाजेपर्यंत रडत होते. त्यांनी रुमाल पुढे केला, पण शब्द नाही.

मग एकच प्रश्न. "सोमवारी पार्लर बंद. मग सोमवारी कमी असतं का?"

"नाही! उलट जास्तच."

"हं." एक कोरी वही दिली. तक्रारवही. कधी खाजलं, त्याआधी तासाभरात कशाला हात लावला — एवढंच लिहायचं. औषध विचारलं तर म्हणाल्या, "अजून काही कळलेलं नाही, औषध कशावर देऊ?" फी विचारली. म्हणाल्या, "माझा खांदा आखडलाय, हात मागे पोचत नाही. तुझे हात बरे झाले की माझं डोकं धुऊन दे. तीच फी."

जिना उतरताना हलकं वाटलं. हातांना नाही, मला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ती वही तक्रारीची, ही माझी. दोन्ही लिहिताना बोटं दुखतात. पण त्या वहीत विनोद करता येत नाहीत — बाई मास्तरीण, लाल पेनाने खोडतील!

१७ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी वही वाचली. मास्तरकी काही जात नाही — लाल पेन काढलं आणि एका शब्दाखाली रेघा मारत सुटल्या. पान उलटलं, रेघ. पान उलटलं, रेघ. मग वही माझ्याकडे फिरवली. "वाच. वही काय म्हणतेय?"

वाचलं. भांडी घासली — हातमोजे घालून. फरशी पुसली — हातमोजे घालून. सोमवारी दिवसभर घरकाम — हातमोजे, हातमोजे, हातमोजे! आणि प्रत्येक वेळी तासाभरात खाज.

ज्यांनी वाचवायचं तेच चावत होते! मी मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. "हा अंदाज आहे. अंदाजावर कोणाचा इलाज करायचा नसतो. डॉक्टरांकडे जा, पाठीवर पट्ट्या लावून तपासणी करतात, ती करून घे."

"पण तुम्हीच तर शोधलंत!"

"म्हणूनच दुसऱ्या कोणीतरी तपासायला हवं."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस पाठीवर पट्ट्या वागवल्या. एखाद्या पार्सलासारखी फिरत होते. आज निकाल. केसांच्या रंगाचा चौकोन जेमतेम गुलाबी. रबराचा चौकोन — टोमॅटो! डॉक्टर दोनदा बघतात, भिंग लावून बघतात. म्हणाले, "मोजे मीच सांगितले होते, नाही का?" सरळ कबूल केलं. मला माणूस आवडला. मग म्हणाले, "हे शोधलं कोणी?"

"सायकलच्या दुकानावरच्या बाईंनी."

त्यांनी पत्ता लिहून घेतला.

१६ मार्च, रविवार

बाईंनी नेमून दिलंय — सकाळी ओट्सच्या कोमट पाण्यात हात. मग तिळाचं तेल. मग सुती मोजे, कामाला वरून बिनरबरी. डॉक्टरांचं मलम त्यांच्याच सांगण्यावरून हळूहळू कमी. कन्या म्हणते, "आई, तू रोज नाश्त्यात बुडतेस." अजून फोनवरच आहे. फोनवर मी इतकं बोलते की दोन बायकांनी केस न कापताच समाधान मानलं.

२० एप्रिल, रविवार

अंगठ्याची भेग बंद!! पूर्ण बंद. नखाने दाबून पाहिली, लिंबू पिळून पाहिलं. काही नाही! स्वारीला खुर्चीत बसवलं, मानेभोवती चादर आणि कात्री हातात. पहिली पाच मिनिटं हात अडखळत होता, मग त्याला आपलं काम आठवलं. स्वारी आरशात बघून म्हणाले, "कान किती राहिले?" दोन.

२ मे, शुक्रवार

कालपासून पुन्हा माझी खुर्ची, माझा आरसा. मालकीणबाईंनी फुलं ठेवली होती.

संध्याकाळी शाम्पू आणि टॉवेल घेऊन बाईंकडे. फी द्यायला! बाईंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. इतक्या खूश झाल्या की डोळे भरले. पण डोकं? "आज नको गं, सर्दी आहे. पुढच्या शनिवारी."

बाईंनी हल्ली वेणी सोडून अंबाडा घालायला सुरुवात केलीय. डाव्या कानावर, तिरका, वर रुमाल. माझ्यातल्या केशकर्तनकाराला बघवेना!

निघताना धीर करून विचारलं, "बाई, मला शिकवाल हे?"

"का?"

"माझे हात बरे झाले म्हणून."

"त्याला आभार म्हणतात. दुसरं कारण असेल तर सांग."

विचार केला. खरं तेच सांगितलं. दिवसाला आठ-दहा डोकी माझ्या हाताखालून जातात. प्रत्येकीचं काही ना काही दुखत असतं. बावीस वर्षं मी नुसतं "हो का, अगबाई!" म्हणत आले.

बाई म्हणाल्या, "सोमवारी ये. वही आण."

१२ मे, सोमवार

पहिला धडा. वाटलं, बरण्या उघडतील. छे! भिंतीकडे बोट. तिथे त्यांच्या अक्षरात एक मोठा कागद आहे — मथळा "आधी डॉक्टर". खाली नऊ ओळी. छातीत दुखणं. कारण नसताना वजन उतरणं. कुठूनही रक्त. हाताला लागणारी गाठ. अचानक दिसेनासं होणं. तीन दिवस न उतरणारा ताप. सातवी — रंग किंवा आकार बदलणारा तीळ, न भरणारी जखम. आठवी — लहान मूल मलूल पडणं. नववी — "तुला स्वतःला शंका आली तर."

पाठ करायला सांगितलं. या वयात! आणि यातलं काही दिसलं तर म्हणायची तीन वाक्यंही ठरलेली — "हे माझ्या हातातलं नाही. आधी डॉक्टर. मी सोबत येते." तिसरं वाक्य विसरायचं नाही. माणसाला एकटं परत पाठवायचं नाही, घाबरून तो घरीच जाऊन बसतो.

मग एक शिंपीकाका आले, पोट बिघडलेलं. बाईंनी मला वेताच्या खुर्चीत बसवलं, स्वतः मागे. कोंबडी वीसवर. मला चार मिनिटं जमलं. चौथ्या मिनिटाला "अहो, आमच्या स्वारीलाही अगदी असंच —" आणि संपलं. शिंपीकाका माझ्या स्वारीची चौकशी करायला लागले.

२६ मे, सोमवार

सात मिनिटं! मध्ये फक्त एकदा "अगबाई" म्हटलं. बाई म्हणतात ते धरलं जातं.

११ जून, बुधवार

आज गिऱ्हाइकाची मान लालबुंद. मी लगेच — रबर! गळ्यातलं काय, उशी कसली, आंघोळीची टोपी कोणती, सगळी उलटतपासणी. ती बिचारी म्हणाली, "अहो, काल बागेत उन्हात झोप लागली." काल स्वारीच्या बोटांवर काळे चट्टे दिसले, तेव्हा दहा मिनिटं त्यांचे हात ओट्सच्या पाण्यात बुडवून ठेवले. इंजिनाचं वंगण होतं. आधी का नाही सांगितलं, तर म्हणे पाणी छान कोमट वाटलं.

बाईंना सांगितलं तर खुर्चीत मागे रेलून हसल्या. "कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. तू तुझ्या दुखण्यातून बरी झालीस ना, आता तुला सगळ्या जगाला तेच दुखणं हवंय." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मीसुद्धा पहिली दोन वर्षं सगळ्यांचा दमाच शोधत होते. यातून जाता येतं. पण समोरच्याचं ऐकावं लागतं."

७ जुलै, सोमवार

मोठी बातमी! बाई म्हणाल्या, बुधवारी दुपारी पार्लरमधून सुट्टी मिळत असेल तर बुधवारची वेताची खुर्ची तुझी. तुझे पेशंट, तुझी वही. मी उडीच मारली. खालचा सायकलवाला वर बघायला आला.

"एक अट आहे. आधी एका माणसाला बरोबर परत पाठवून दाखव. औषध द्यायला कोणीही शिकतं."

एवढंच? हे तर सोप्पं! मालकीणबाईंनाही विचारून टाकलं. त्या म्हणाल्या, बुधवार तसाही सुनासुना असतो. जा.

आज अकरा मिनिटं. आणि फी? "पुढच्या शनिवारी."

४ ऑगस्ट, सोमवार

महिना झाला. परत पाठवायला एक माणूस मिळेना! कोणाची झोप उडालेली, कोणाची टाच फुटलेली, कोणाला ढेकर. नऊपैकी एकही ओळ कोणाला लागू नाही. एकालाही छातीत दुखत नाही! — असं लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. असू दे. खोडत नाही. इथे लाल पेन नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

साडेचौदा मिनिटं.

पण मन खट्टू आहे. आज पुन्हा शाम्पू, टॉवेल, तांब्या घेऊन गेले, पुन्हा बाईंचं तेच. सर्दी झाली, पाहुणे झाले, पाणी गेलं होतं, आज म्हणे "केस ओले राहतात गं, नको." चार महिने झाले. मी तोंडावरच विचारलं, "माझ्या हातांचा भरवसा वाटत नाही का? पुन्हा चिघळतील असं वाटतं?"

"वेडी आहेस का! तुझ्या हातांचा भरवसा आहे म्हणूनच तर —" आणि थांबल्या. बरणी पुसायला लागल्या. ती आधीच पुसलेली होती.

स्वारी म्हणतात, "बाईंना लाजबीज वाटत असेल." अडुसष्टाव्या वर्षी डोकं धुऊन घ्यायची कसली लाज?

६ सप्टेंबर, शनिवार

अक्षर येतंय तसं येऊ दे.

दुपारी सायकलवाल्याचा पार्लरमध्ये फोन. बाई गच्चीवर पुदिना वाळत घालताना स्टुलावरून घसरल्या. हाड मोडलं नाही. उजवा हात गळ्यात, दोन आठवडे. काम संपवून धावत गेले. बाई खुर्चीत, केसांत पुदिन्याची पानं, कपाळावर माती, आणि तरी मलाच विचारतायत, "तू जेवलीस का?"

मी पदर खोचला. म्हटलं, "आज फी घेतल्याशिवाय जाणार नाही! म्हणजे — दिल्याशिवाय!" नको नको म्हणत राहिल्या. एका हाताने किती अडवणार? खुर्ची मोरीजवळ ओढली, मान मागे टेकवली, रुमाल सोडला, अंबाडा सोडला. कोमट पाणी घातलं. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, सुखाने.

बोटं आपोआप चालतात. कपाळ, मधला भाग, उजवी बाजू. मग डाव्या कानामागे बोट गेलं आणि थांबलं. खरखरीत. पाणी ओतून केस बाजूला केले. माझ्या करंगळीच्या नखाएवढा तीळ. काळा, एका कडेला तपकिरी, कड वेडीवाकडी, मध्ये खपली. खपलीवर मलम. वास ओळखीचा — त्यांच्याच तिसऱ्या फळीवरच्या बरणीतलं.

सातवी ओळ. मला पाठ आहे.

"बाई, हे कधीपासून?"

"जुनं आहे. मलम लावतेय. धू तू."

"बाई, भिंतीवर काय लिहिलंय?"

एकदम उठल्या. केसांतून पाणी गळतंय, हात गळ्यात, चेहरा पांढरा. "भिंतीवरचं मी लिहिलंय! तू मला शिकवणार? बावीस वर्षं केस कापलेस म्हणून माझं डोकं तुझं झालं का?"

मी टॉवेल दिला आणि निघून आले. अर्धं डोकं शाम्पूत ठेवून! आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं डोकं अर्धवट सोडलं.

७ सप्टेंबर, रविवार

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! — सकाळपासून दहा वेळा म्हटलं. राग येतोय. रागाच्या खाली भीती आहे. बाईंना काही झालं तर? हे हात आज लिहितायत ते त्यांच्यामुळे.

स्वारीला म्हटलं, "त्या आता मला दारात उभं करणार नाहीत. बुधवारही गेला."

ते गाडीची काच पुसत होते. म्हणाले, "बुधवार गेला तर गेला. बाई राहायला हव्यात." मग थोड्या वेळाने — "ते तिसरं वाक्य काय होतं गं तुझं?"

८ सप्टेंबर, सोमवार

नऊला त्वचेच्या डॉक्टरांना फोन. बाईंचं नाव सांगितल्याबरोबर म्हणाले, "हो, रबर शोधणाऱ्या! दहाला घेऊन या."

साडेनऊला जिना चढले. दार उघडंच होतं. बाई खिडकीत, तोच तिरका अंबाडा. वळून बघितलंही नाही. मी दारातच उभी राहिले. आत जाण्याचा धीर नव्हता. तीन वाक्यं म्हटली. मधल्या वाक्याला डोळ्यांत पाणीच आलं.

"हे माझ्या हातातलं नाही, बाई. आधी डॉक्टर. मी सोबत येते."

पुढे काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, चौथं वाक्य त्यांनी शिकवलेलंच नाही. तेवढ्यात खालून हॉर्न. पीं पीं पीं! आमची स्वारी.

बाई म्हणाल्या, "त्या माणसाला सांग, समोर शाळा आहे." आणि चपला शोधायला लागल्या. डाव्या पायातली मी त्यांना घातली.

डॉक्टरांनी भिंग लावलं. केस बाजूला करून पुन्हा लावलं. म्हणाले, "गुरुवारी काढून टाकू. मग तपासायला पाठवू. किती दिवसांचा आहे?" बाई म्हणाल्या, "लक्षात नाही." आणि माझा हात धरला. घट्ट. आठ महिन्यांपूर्वी असा धरला असता तर मी ओरडले असते.

१० सप्टेंबर, बुधवार

उद्या तिथले केस काढावे लागणार. मी कात्री घेऊन गेले. म्हटलं, अर्धी बाजू तासलेली आणि खाली वेणी — शोभणार नाही, माझं नाव खराब होईल! बाई म्हणाल्या, "मग काप." कमरेएवढी वेणी, एका फटक्यात. मी डोळे पुसत होते, त्या आरशात बघत होत्या. डावी-उजवीकडे मान वळवली. "शाळेत असते तर मुलांनी नाव ठेवलं असतं."

"काय?"

"कापूस."

खूप हसलो दोघी. शनिवारी भांडलो होतो, हे कोणी म्हणालं नाही. राहिलेलं अर्धं डोकंही धुतलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

निघाला. चार टाके. बाईंनी डॉक्टरांना टाक्यांचा धागा कशाचा, ते विचारलं. रिपोर्ट बारा दिवसांनी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सात दिवस गेले. पार्लरमध्ये एका बाईला नको तितके आखूड केले. तिला आवडले!

२४ सप्टेंबर, बुधवार

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तीनदा समजावला, मी चौथ्यांदा विचारला. वाईट जातीचा होता. पण वरवरचा, पातळ. कडेपर्यंत स्वच्छ निघालाय. आता दर तीन महिन्यांनी तपासायचं, बस. "आणखी सहा महिने काढले असतेत तर मी हे असं हसत सांगितलं नसतं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं नाही. हाताला लागलं."

घरी येताना स्वारीने सगळ्या रस्त्याने हॉर्न वाजवला. शाळेसमोर सोडून. कन्येने दारातच मिठी मारली, आणि मी नाचले — या वयात, या गुडघ्यांनी!

२९ सप्टेंबर, सोमवार

बाई आधीच स्टुलावर बसलेल्या. वेताची खुर्ची रिकामी. वाटलं, चुकून बसल्या. "बस," म्हणाल्या. कोंबडीची मान त्यांनीच वीसवर फिरवली.

मग म्हणाल्या, "एप्रिलपासून माहीत होतं मला. दोन आरसे धरून रोज बघत होते. यादी मीच लिहिली, ती रोज वाचतही होते. भीती वाटत होती गं. तुझे हात बरे झाले त्या दिवशी इतका आनंद झाला, आणि त्याच क्षणी वाटलं — आता ही डोकं धुणार."

मी काही बोलले नाही. "अगबाई"सुद्धा नाही.

कोंबडी वाजली तेव्हा त्या अजून बोलत होत्या. मी तिची मान धरली आणि पुन्हा वीसवर फिरवली.